कर्नल सँडर्स

(९ सप्टेंबर १८९० – १६ डिसेंबर १९८०). केंटकी फ्राइड चिकन (केएफसी) या अमेरिकी खाद्यसाखळीचे प्रवर्तक आणि तिचे शुभंकर. पूर्ण नाव हार्लंड डेव्हिड सँडर्स. पांढरा सूट, पांढरी बोकडदाढी, काळ्या काड्यांचा चष्मा आणि गळ्याशी बांधलेली काळी फीत ही त्यांची ओळख. फास्टफूडच्या दुनियेतले बरेचसे शुभंकर जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून निघाले. सँडर्स मात्र हाडामांसाचे होते. त्यामुळे कंपनीला ते जेवढे उपयोगी पडले, तेवढेच डोईजडही झाले.

त्यांचा जन्म इंडियाना राज्यातील हेन्रीव्हिल येथला. पाच वर्षांचे असताना वडील वारले, आई कामाला जाऊ लागली आणि धाकट्या भावंडांसाठी रांधणे त्यांच्या वाट्याला आले. रेल्वे इंजिनात कोळसा टाकण्यापासून विमा आणि टायर विकण्यापर्यंत अनेक उद्योग करून झाल्यावर १९३० मध्ये त्यांनी केंटकीतील कॉर्बिन येथे पेट्रोलपंप चालवायला घेतला. थांबलेल्या प्रवाशांना ते घरच्याच टेबलावर जेवायला वाढत. थोड्याच काळात पंपापेक्षा जेवणाचा बोलबाला झाला. कढईत कोंबडी तळायला अर्धा तास लागे. १९३९ च्या सुमारास प्रेशर कुकर हाताशी आल्यावर तो वेळ बराच घटला. अकरा मसाल्यांचे त्यांचे मिश्रण कंपनी आजही गुप्त ठेवते.

फ्रँचायझीची सुरुवात १९५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतील पीट हार्मन यांच्यापासून झाली. पुढे नव्या महामार्गाने कॉर्बिनला वळसा घातला, गिऱ्हाईक आटले आणि १९५६ मध्ये सँडर्स यांना तिथले उपाहारगृह विकावे लागले. महिना १०५ डॉलर निवृत्तिवेतन मिळू लागलेला हा गृहस्थ कुकर आणि मसाले मोटारीत घालून गावोगाव हिंडला. विकल्या गेलेल्या प्रत्येक कोंबडीमागे काही सेंट, असा त्यांचा सौदा असे. १९६४ मध्ये सहाशेहून अधिक दुकाने झालेला हा धंदा त्यांनी २० लाख डॉलरना विकला. ‘पासष्टाव्या वर्षी शून्यातून सुरुवात, एक हजार नऊ नकार’ ही प्रेरणादायी व्याख्यानांतली लाडकी कथा जपूनच ऐकावी. हार्मन यांच्याशी करार झाला तेव्हा सँडर्स बासष्टीच्या आतबाहेर होते, आणि नकारांची वही कोणी ठेवलेली नव्हती.

‘कर्नल’पदही लष्करी नव्हे. सैन्यातली त्यांची नोकरी किशोरवयातली, काही महिन्यांचीच. केंटकीचे गव्हर्नर रुबी लफून यांनी १९३५ मध्ये त्यांना ‘केंटकी कर्नल’ हा मानाचा किताब दिला. तो त्यांनी नुसता मिरवला नाही, तर अंगात भिनवला. आधी काळा लांब कोट, मग पांढरा सूट असा वेश ठरला (पांढऱ्यावर पिठाचे डाग दिसत नाहीत, हा व्यवहारही त्यात होताच). दाढी पुरेशी पांढरी नव्हती, म्हणून ती रंग उडवून पांढरी केली. शेवटची वीसेक वर्षे ते चारचौघांत दुसऱ्या वेशात दिसले नाहीत. इंडियानात जन्मलेल्या माणसाने अमेरिकेच्या दक्षिणेतला आतिथ्यशील जमीनदार उभा केला, तो असा. त्या प्रतिमेला आजोबांच्या हातच्या रविवारच्या जेवणाची ऊब आहे. पण गुलामांच्या श्रमावर पोसलेल्या मळेवाल्यांची आठवणही तिला चिकटलेली आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

धंदा विकल्यावर सँडर्स पगारी सदिच्छादूत झाले. तोंड मात्र विकले नव्हते. दुकानांत अचानक शिरून ते ग्रेव्ही चाखत आणि नाही आवडली तर तिथेच शिव्या देत. एका वृत्तपत्राजवळ तर त्यांनी ती भिंतीला कागद चिकटवायची खळ ठरवली. बोलिंग ग्रीन येथील फ्रँचायझीधारकाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. वक्तव्य विशिष्ट दुकानाला उद्देशून नाही, म्हणून १९७८ मध्ये तो टिकला नाही. मालक कंपनी ह्यूब्लाइनशीही त्यांचे कोर्टकज्जे झाले. चित्रातल्या विदूषकाकडून असली भीती नसते. तरीही गिऱ्हाइकांचा विश्वास या फटकळपणामुळे वाढलाच असावा: मालाला नावे ठेवणारा माणूसच पुडक्यावर हसताना दिसतो, हे दुर्मिळच.

अमेरिकेबाहेर या प्रतिमेचे सर्वांत विलक्षण आयुष्य जपानमध्ये गेले. तिथे दुकानांच्या दाराशी कर्नलचे पूर्णाकृती पुतळे उभे असतात. १९७४ पासून कंपनीने नाताळ म्हणजे तळलेली कोंबडी असे समीकरण रुजवले, आणि डिसेंबरात पुतळ्यांना सांताक्लॉजचे कपडे चढू लागले. १९८५ मध्ये हानशिन टायगर्स हा बेसबॉल संघ लीग जिंकल्यावर ओसाकातील चाहते एकेका खेळाडूच्या नावाने त्याच्यासारखा दिसणारा माणूस दोतोनबोरी कालव्यात उतरवत होते. दाढीवाला अमेरिकी खेळाडू रँडी बास याचा तोतया मिळेना, तेव्हा कर्नलचा पुतळाच पाण्यात गेला. त्याच मोसमात संघाने राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवले, पण पुढे ते वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिले आणि ‘कर्नलचा शाप’ ही दंतकथा झाली. २००९ मध्ये काठाच्या बांधकामात पुतळा सापडला, तो चष्मा आणि डावा हात गमावलेला. अजिंक्यपद परत आले २०२३ मध्ये. पुढल्या वर्षी कंपनीने जीर्ण पुतळ्याची विधिपूर्वक विल्हेवाट लावली.

चीनमध्ये १९८७ मध्ये बीजिंगला पहिले दुकान निघाले. तिथल्या मुलांना पांढऱ्या दाढीचा म्हातारा फारसा खेळकर वाटला नाही, म्हणून जोडीला ‘चिकी’ नावाचे पिल्लू आणावे लागले. भारतात केएफसी १९९५ मध्ये बंगळूरुला आली आणि १९९६ च्या जानेवारीत कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी त्या दुकानाची मोडतोड केली. तिथे कर्नलचा चेहरा आजोबांचा नव्हे, परदेशी भांडवलाचा ठरला.

सँडर्स यांच्या मृत्यूनंतर त्यांचा चेहरा बोधचिन्हात राहिला. २००६ मध्ये त्याला सूटऐवजी लाल एप्रन मिळाला. २०१५ पासून जाहिरातींत नट पुन्हा कर्नल साकारू लागले: आधी डॅरेल हॅमंड, मग नॉर्म मॅकडोनाल्ड, जिम गॅफिगन आणि इतर. २०१८ मध्ये गायिका रीबा मॅकेंटायर दाढी लावून कर्नल झाली. यांतल्या एकानेही ग्रेव्हीला नावे ठेवलेली नाहीत.