बंदुकीच्या बदल्यात शिलाई मशीन

शाळेत आपण तहांच्या सनावळ्या पाठ केल्या. तहानंतर हत्यारांचं काय होतं, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये १९७७ पासून चाललेलं यादवी युद्ध १९९२ च्या रोम कराराने संपलं. सांत एजिदिओ या कॅथलिक संस्थेने मध्यस्थी केली होती. बंदुका मात्र लोकांकडेच राहिल्या, काही जमिनीत पुरलेल्या. १९९५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती परिषदेने बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने योजना काढली: हत्यार द्या, सायकल, शिलाई मशीन किंवा शेतीची अवजारं घ्या. निकामी केलेल्या बंदुकांच्या तुकड्यांतून कलाकारांनी शिल्पं घडवली. मी इंजिनिअर, मला त्या शिलाई मशीनचं मोल अधिक वाटतं. पोट भरायचं साधन मिळाल्याशिवाय बंदूक कोण आणून देईल?