तेलाच्या स्वभावाचं गणित

तेलात लोखंडाची अतिशय बारीक पूड कालवली आणि त्याभोवती विजेचं चुंबक बसवलं, तर काय होईल? प्रवाह सुरू करताच पुडीचे कण साखळ्या धरतात आणि पातळ तेल काही सहस्रांश सेकंदांत लोण्यासारखं घट्ट होतं. प्रवाह बंद केला, की पुन्हा पातळ. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये जेकब रॅबिनो यांनी १९४८च्या सुमारास असं तेल वापरून क्लच बनवला.

मोटारसायकलच्या शॉक अब्सॉर्बरमध्ये तेलातून दट्ट्या सरकतो आणि धक्का जिरतो. त्यात हे तेल भरलं, तर धक्का जिरवण्याची ताकद हवी तेव्हा कमी-जास्त करता येईल. कल्पना सोपी आहे. तरी भूकंपात इमारत सावरण्यासाठी ती वापरायला निम्मं शतक जावं लागलं. एक अडचण तेलाचीच होती, कारण जड कण तळाशी बसत. १९९०च्या दशकात अधिक चांगली तेलं मिळू लागली आणि मग खरी अडचण पुढे आली, ती गणिताची.

मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. भूकंपाची रंगीत तालीम घेता येत नाही. कोणत्या क्षणी किती प्रवाह सोडायचा, हे ठरवायचं तर यंत्र कसं वागेल, ते संगणकावर आधीच पाहता आलं पाहिजे. यासाठी यूजीन बिंगहॅम यांचं जुनं सूत्र हाताशी होतं. ठरावीक जोर लागेपर्यंत पदार्थ हलत नाही आणि नंतर वाहू लागतो, असं ते सांगतं. टूथपेस्टचं वागणं आठवा. पण दट्ट्या थांबून उलट फिरतो, त्या क्षणी हे सूत्र फसत होतं. तिथला जोर केवळ त्या घडीच्या वेगावर ठरत नाही. आधी काय घडलं, हेही त्यात उतरतं. जणू यंत्राला स्मरण असतं.

अशा स्मरणाचं समीकरण रोबेर बुक यांनी १९६७मध्ये मांडलं होतं आणि यी-क्वेई वेन यांनी १९७६मध्ये ते पुढे नेलं. बी. एफ. स्पेन्सर, शर्ली डाइक, मायकेल सेन आणि डेव्हिड कार्लसन या चौघांनी त्याला एक स्प्रिंग आणि एक तेलाचा अडसर जोडला. त्यांचा निबंध १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौदा आकडे आहेत. खऱ्या यंत्रावर चाचण्या घेऊन, संगणकावरचा आलेख प्रत्यक्षाशी जुळेपर्यंत ते बसवले गेले.

पुढची पावलं भराभर पडली. टोकियोच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयात २००१मध्ये तीस टन क्षमतेची अशी दोन यंत्रं बसली. चीनमधल्या दोंगतिंग सरोवरावरच्या पुलाचे केबल वाऱ्या-पावसात थरथरत. २००२मध्ये तिथे ३१२ यंत्रं लागली.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हे समीकरण तेलाचं वागणं सांगतं, त्यामागचं कारण नव्हे. ते चौदा आकडे त्या एका यंत्राचे आहेत. यंत्राचा आकार किंवा त्यातलं तेल बदललं, की चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. संगणकावरची इमारत कितीही वेळा पडली तरी चालते. खऱ्या इमारतीत माणसं राहतात.