वेदगंगेच्या काठाने घाटमाथ्याकडे

कोगनोळी हे नाव आजच्या वाचकाला परिचित आहे ते नाक्यामुळे. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग कागल ओलांडून दूधगंगेच्या पलीकडे गेला की महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटकातील पहिले मोठे गाव म्हणून कोगनोळी लागते. वर्तमानपत्रांत हे गाव येते तेही नाक्याच्याच निमित्ताने. करोनाच्या साथीत प्रवाशांची कागदपत्रे तपासली गेली ती येथे, आणि २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा तापला तेव्हा बंदोबस्त उभा राहिला तोही येथेच. या सर्व बातम्यांत कोगनोळी म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या एका रेषेवरील एक बिंदू, एवढाच बोध होतो. इतिहासाच्या पुस्तकांतही या प्रदेशाची मांडणी बहुधा याच रेषेवरून झालेली आहे: सैन्ये उत्तरेकडून आली, दक्षिणेकडे गेली, छावणी बेळगावास पडली, सडक त्यासाठी बांधली गेली.

ही मांडणी खोटी नाही, परंतु ती अर्धी आहे, असे आमचे मत आहे. कोगनोळीच्या उत्तरेस दूधगंगा वाहते आणि दक्षिणेस, निपाणीच्या अलीकडे यमगर्णीजवळ, वेदगंगा. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे येतात व पुढे एकत्र होऊन कृष्णेस मिळतात. नद्यांची दिशा ती येथील जुन्या व्यवहाराची दिशा. देशावरील तंबाखू, गूळ, धान्य पश्चिमेकडे घाट उतरून जाई, आणि कोकणातील मीठ, नारळ, सोले, सुकी मासळी घाट चढून वर येई. महामार्ग या व्यवहाराला आडवा छेदून जातो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी या सडकेवर चढले आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा या मुलखाची मूळ दिशा कोणती हे नदीने काही दिवस तरी दाखवून दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

ही पूर्वपश्चिम दिशा कागदपत्रांतून शोधावी तशीच ती जमिनीवरही शोधावी, या हेतूने आम्ही गेल्या हिवाळ्यात वेदगंगेच्या काठाने घाटमाथ्यापर्यंत प्रवास केला. त्यासाठी चारी चाकांना जोर पोहोचविणारी एक जीप भाड्याने घेतली होती. काही स्नेह्यांना हे साधन इतिहासाच्या अभ्यासकाला न शोभणारे वाटले. त्यांना एवढेच सांगावयाचे की, बैलाच्या पाठीवरून माल जात असे ती वाट एस्.टी.च्या खिडकीतून दिसत नाही. शिवाय जीप हे वाहन आमच्या ग्रामीण भागाला नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात जन्मलेली ही गाडी १९४७ पासून मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जुळविली जाऊ लागली. आणि नंतरची कित्येक वर्षे खेड्यात जीप आली म्हणजे सरकार आले, निवडणूक आली किंवा जंगलखाते आले, असेच पोराबाळांनाही कळत असे. आता ती हौशी प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने मिळते, हा काळाचा महिमा.

निपाणीहून पश्चिमेस निघालेली सडक मुरगूडवरून मुदाळतिट्ट्यास येते. ‘तिट्टा’ म्हणजे जेथे तीन वाटा मिळतात ती जागा. शहरी मराठीत हा शब्द फारसा उरलेला नाही. येथून एक फाटा राधानगरी, दाजीपूर करीत फोंडाघाटाने कोकणात उतरतो. देवगड-निपाणी मार्ग तो हाच. दुसरा फाटा दक्षिणेस गारगोटीकडे वळतो आणि कडगाववरून पाटगावास पोहोचतो. आम्ही हा दुसरा फाटा धरला, कारण पहिल्याला चाकाचे भाग्य लाभले आणि दुसऱ्याला ते लाभले नाही. जेथे चाक पोहोचले तेथे जुनी वाट डांबराखाली गेली. जेथे पोहोचले नाही तेथे ती अजून वाचता येते.

पाटगाव हे मौनी महाराजांचे स्थान. शिवाजीमहाराज दक्षिणेच्या मोहिमेपूर्वी त्यांच्या दर्शनास आले होते, अशी परंपरा आहे. या मठाचा विचार आपण भक्तीच्या इतिहासात करतो आणि तो योग्यच आहे. परंतु मठाच्या जागेकडेही लक्ष दिले पाहिजे. घाट चढून आलेल्या मनुष्याला जेथे पहिले सपाट शिवार, बारमाही पाणी आणि विसावा मिळतो, अशी ही जागा आहे. अशा जागी मठ, बाजार, जकातीची चौकी यांपैकी काहीतरी उभे राहते, आणि बहुधा सर्वच उभे राहते. आज पाटगावजवळ वेदगंगेवर धरण आहे. जलाशयाने खालचे शिवार व्यापले आहे, त्याबरोबर नदीकाठच्या जुन्या वाटांचे काही तुकडेही गेले.

पाटगावाच्या पुढे भटवाडी आणि तेथून चिक्केवाडीकडे जाणारा कच्चा रस्ता आहे. तांबड्या मातीचा, धोंड्यांचा, ओढ्यांमधून जाणारा आणि दोन्ही अंगांनी रानाने दाटलेला. जीपचा खरा उपयोग या टप्प्यावर झाला. खालच्या गीअरात, माणसाच्या चालीहून किंचित अधिक वेगाने जात असता एक गोष्ट ध्यानी आली. गाडीचा रस्ता चढाला फेर घालतो, कारण चाकाला उभा चढ सोसत नाही. मधूनमधून त्या रस्त्याला एक अरुंद, खोल गेलेली, पावसाने खरवडलेली वाट सरळ छेदून वर जाते. हीच जुनी वाट. बैलाला आणि माणसाला वळण नको असते. त्यांना दम घ्यायला जागा लागते. नवा रस्ता व जुनी वाट यांचे छेद मोजत गेले तर कोणती कोणासाठी होती, हे शाळेतील मुलालाही समजेल. पायथ्याच्या वस्तीवरील एका आज्ज्यांनी आम्हांला आधीच बजावले होते : “गाडी चिक्केवाडीपतुर. म्होरं पायाची वाट हाय, तिला चाक चालत न्हाई.”

ती पायाची वाट रांगण्याची. रांगणा हा घाटमाथ्याच्या अगदी कडेला उभा असलेला गड. त्याच्या पश्चिमेस तळकोकण, आणि खाली उतरले की कुडाळ तालुक्यातील नारूर. १६६७ मध्ये विजापूरकरांनी या गडास वेढा घातला असता शिवाजीमहाराजांनी तो उठविला. पुढे १७०८ मध्ये छत्रपती शाहूंनी पन्हाळा घेतल्यावर ताराबाईंनी रांगण्याचा आश्रय केला. शाहूंनी गडास वेढा दिला; परंतु पावसाळा तोंडावर आला आणि वेढा उठवावा लागला. या प्रसंगांचे वर्णन आपण नेहमी पराक्रमाच्या भाषेत करतो. वाटेच्या भाषेत ते असे : रांगणा ज्याच्या हाती, त्याला देश हातचा गेला तरी कोकण व समुद्र मोकळा राहतो. ताराबाईंच्या पक्षाला मालवणचा आधार राहिला तो याच कारणाने.

आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य त्या काळी ताराबाईंच्याच पक्षात होते. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात गडाला एकच दरवाजा असणे हा दोष मानला आहे आणि दरवाजे, चोरदिंड्या राखण्याचा उपदेश केला आहे. हे निव्वळ शास्त्र नव्हे. ज्याच्या घराण्याची बावड्याची जहागीर घाटाच्या माथ्यावरच होती, अशा मुत्सद्द्याचा तो अनुभव आहे. कोल्हापूर राज्यातील जहागिऱ्यांकडे नकाशावर पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. विशाळगड आणि बावडा घाटांच्या तोंडाशी. कापशी आणि कागल त्या घाटांकडून येणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत. सरदारांची ही मांडणी दरबारातील मानाची होती, तशी ती वाटांच्या राखणीचीही होती. मात्र त्या काळच्या राज्यकर्त्याला वाट सुगम नको होती. माहितगाराला सोपी आणि परक्याला अवघड, अशी वाट ही त्याची संपत्ती होती.

ही संपत्ती नष्ट झाली ती १८४४-४५ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर. दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारात गडकऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क धोक्यात आले, तेव्हा सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथे उठाव झाला. इंग्रजांनी हे गड तोफांनी घेतले. पण उठावाची धग घाट उतरून सावंतवाडीच्या रानात गेली, मनोहर-मनसंतोषगडापर्यंत पोहोचली, आणि तेथे औट्रम यास फौज घेऊन रानोमाळ भटकावे लागले. उठाववाल्यांतील काहींनी अखेर पोर्तुगीज मुलखाची वाट धरली. गड जिंकणे सोपे होते. गडामागच्या वाटा जिंकणे अवघड होते. हा धडा कंपनी सरकारने चांगला गिरविला, असे पुढील सडकांवरून दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोली आणि फोंडा या घाटांतून गाडीरस्ते झाले. ते व्यापारासाठी होते हे खरेच. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची छावणी जोडणे ही तर त्यांतील मोठी प्रेरणा. परंतु दोनतीन घाट चाकांसाठी उघडले की उरलेले आपोआप मिटतात. माल जेथे स्वस्त जातो तेथेच जातो. आणि ज्या वाटेने माल जात नाही तिची डागडुजी कोणी करीत नाही. पुढे १८८८ मध्ये मार्मागोव्याची आगगाडी सुरू झाली, १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग झाला, आणि गाडीरस्त्यांच्या घाटांचेही महत्त्व उतरले.

सीमेचा विषय येथे टाळता येत नाही. कागल हे कोल्हापूर संस्थानाबरोबर १९४९ मध्ये मुंबई राज्यात आले. बेळगाव जिल्हा त्या राज्यात आधीच होता. म्हणजे १९४९ पासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंतची सात-साडेसात वर्षे दूधगंगेचे दोन्ही काठ एका राज्यात होते. त्यानंतर बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला. केवळ चंदगड तालुका मुंबई राज्याकडे राहिला. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेला दावा यांची माहिती वाचकांस आहेच. या सर्व वादात गावांची भाषा, लोकसंख्या, सलगता यांचे आकडे पुढे आले. एखाद्या गावाला मीठ कोणत्या घाटाने येत होते, हे मात्र कोणी विचारले नाही. चंदगडचेच पाहा: बेळगावहून कोकणात जाणाऱ्या जुन्या रामघाटाचा माथा चंदगड तालुक्यात, पायथा दोडामार्गाकडे, ज्या बेळगावासाठी ही वाट वाहती राहिली ते दुसऱ्या राज्यात. निपाणी आणि देवगड यांची गोष्ट याहून वेगळी नाही. सलगता केवळ शिवाराला शिवार लागल्याने होत नाही. ती वाटांनीही होते. हा पुरावा न्यायालयात कितपत टिकेल हे कायदेपंडितांनी सांगावे. इतिहासाच्या दरबारी तो दाखल झाला पाहिजे, एवढा आमचा आग्रह आहे.

तो दाखल करण्यास वेळ फार नाही. काही वाटा जलाशयांखाली आहेत, काही रुंदीकरणात गेल्या, काही रानात बुजत आहेत. राधानगरी अभयारण्याचे ३५१ चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव आहे, आणि २०१२ मध्ये त्याचा समावेश पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात झाला. तेथील गव्यांच्या दृष्टीने वाटा बुजणे इष्टच आहे, आणि त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती भाड्याच्या जीपा घेऊन सड्यांवर मनमानी चाके फिरविणाऱ्यांविषयी. कातळावरचा मातीचा पातळ थर एकदा उखडला की पावसाळ्यात तो वाहून जातो, आणि त्याबरोबर जुन्या वाटेची खूणही. आम्ही चिक्केवाडीस जीप उभी केली आणि पुढचे अंतर चालून गेलो.

या परिसरातील शिक्षकांना हे काम सहज करता येण्यासारखे आहे. पाणंद, पाज, तिट्टा, खिंड, दांड असे वाटांचे शब्द आणि त्यांना जोडलेली गावांची नावे मुलांकडून घराघरांतील वृद्धांना विचारून घ्यावीत, आणि मोजणीच्या नकाशावर टिपून ठेवावीत. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ यास अनुकूल. पावसात या वाटांवर जळवा आणि ओढे यांचेच राज्य असते. दूधगंगेच्या खोऱ्यातील वाटांचा विचार या लेखात केलेला नाही. काळम्मावाडीच्या जलाशयामुळे तेथील प्रश्न वेगळे झाले आहेत, आणि त्या धरणाच्या पाण्यात दोन्ही राज्यांचा वाटा असल्यामुळे तेथील कागदपत्रेही दोन राज्यांच्या दप्तरांत विभागलेली आहेत.