'टमी टक'नंतर पुन्हा शस्त्रक्रिया? आधी दोष कुठे आहे ते ओळखा

पोटावरची सैल त्वचा व चरबी काढून पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच 'टमी टक', आता केवळ चित्रपटसृष्टीपुरती राहिलेली नाही. दोन बाळंतपणांनंतर ओघळलेले पोट, सिझेरियनच्या व्रणावर लोंबणारी वळी, वजन बरेच उतरल्यावर मागे उरलेली कातडी ही त्यामागची नेहमीची कारणे. खर्च, रजा, वेदना आणि घरच्यांची नापसंती हे सारे सोसून शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि चार महिन्यांनी आरशात पोट फुगीरच दिसावे, यासारखी निराशा नाही. मग 'पुन्हा एकदा करून टाकू' हा विचार मनात घर करतो. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही. मात्र दोष नेमका कशात आहे हे न ओळखता केलेली दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षाही अधिक निराश करू शकते.

पहिल्या वेळी काय केले जाते, हे प्रथम समजून घ्यायला हवे. ओटीपोटावर आडवा छेद घेऊन त्वचा व चरबीचा थर आतल्या स्नायूंपासून थेट बरगड्यांच्या दिशेने सोडवला जातो. मध्यरेषेवर एकमेकांपासून दूर गेलेले पोटाचे उभे स्नायू टाके घालून जवळ आणले जातात. त्यानंतर वरची त्वचा खाली ओढून जादा भाग कापून टाकतात. बेंबी जागच्या जागीच राहते. खाली आलेल्या त्वचेत तिच्यासाठी नवे छिद्र केले जाते. म्हणजे त्वचा, चरबी, स्नायू, बेंबी आणि व्रण अशा पाच ठिकाणी काम होते आणि कसर यांपैकी कुठेही राहू शकते.

त्यातही पहिले काही महिने दिसते ते अंतिम रूप नव्हे. छेदामुळे लसीकावाहिन्या तुटतात, त्यामुळे व्रणाच्या वरच्या बाजूस द्रव साचून सूज राहते. सकाळी बरे दिसणारे पोट संध्याकाळी फुगलेले वाटते ते यामुळेच. बरीचशी सूज तीन महिन्यांत ओसरली, तरी उरलेली जायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. व्रण तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अधिकच लाल व उंच होतो आणि पुढे वर्ष-दीड वर्षात फिका पडतो. म्हणूनच प्लास्टिक सर्जन साधारणपणे सहा महिने तरी, आणि व्रणाची तक्रार असल्यास वर्षभर, थांबण्याचा सल्ला देतात. तो टाळाटाळीचा सल्ला नसतो. सुजलेल्या ऊतींवर पुन्हा सुरी चालवली, तर किती कापायचे याचा अंदाजच चुकतो.

थांबण्याचा हा नियम काही लक्षणांना मात्र लागू नाही. ताप, पसरत जाणारी लाली, पू, जखम उघडणे किंवा व्रणालगतची त्वचा काळी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागून छातीत कळ आली, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता असते. अशा वेळी थेट रुग्णालयच गाठायला हवे.

आता मूळ प्रश्न. वर्ष उलटूनही पोट पुढे दिसते ते का? पुष्कळदा उत्तर त्वचेत नसून पोटाच्या आत असते. आतड्यांभोवतीची चरबी स्नायूंच्या मागे असते. तिला ना टमी टकची सुरी पोहोचते, ना लायपोसक्शनची नळी. आपल्याकडे ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर हलका भरला तरी त्याच्या अंगात, विशेषतः पोटाशी, चरबी अधिक असू शकते. उताणे झोपल्यावरही पोट बरगड्यांच्या वरच राहत असेल, तर दोष बहुधा आतल्या चरबीचा. त्यावर आहार, चालणे आणि साखरेची तपासणी हेच उपाय. पुन्हा त्वचा ताणून उपयोग नाही.

दुसरी शक्यता स्नायूंचे टाके सैल झाल्याची. पुन्हा गर्भधारणा झाली, वजन वाढले किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत जड उचलले गेले, तर मध्यरेषा पुन्हा रुंदावते. उताणे झोपून डोके किंचित उचलल्यास मधोमध उंचवटा येतो. मात्र एखाद्या ठरावीक जागी, खोकताना बाहेर येणारा फुगवटा हर्नियाचाही असू शकतो. त्यासाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून घेणे अगत्याचे. हर्नियाची दुरुस्ती ही सौंदर्यशस्त्रक्रिया नव्हे, आणि विम्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

काही जणींना पोटात पाणी हलल्यासारखे वाटते. हा सिरोमा. तो बहुधा सुईने द्रव काढल्यावर बरा होतो. फार दिवस राहिला, तर द्रवाभोवती जाड पिशवी तयार होते आणि ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. इथे वर्षभर वाट पाहण्यात शहाणपण नाही.

व्रणाच्या दोन्ही टोकांना उरलेले उंचवटे, ज्यांना सर्जन 'डॉग इअर' म्हणतात, ही सर्वांत सोपी दुरुस्ती. बहुतेकदा केवळ ती जागा बधिर करून तासाभरात काम होते. जाड व्रणाचे तसे नाही. गव्हाळ-सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची प्रवृत्ती अधिक असते आणि व्रण केलॉइड असेल, तर नुसता कापून काढल्यास तो पूर्वीपेक्षा मोठा होऊन परतू शकतो. सिलिकॉनच्या पट्ट्या आणि स्टिरॉइडची इंजेक्शने हा आधीचा मार्ग. बेंबीचे छिद्र आक्रसणे किंवा ती मध्यरेषेवर नसणे यावर उपाय आहेत. मात्र बेंबीची जागा हलवली, तर जुन्या छिद्राचा व्रण मागे राहू शकतो. ओटीपोटाची बधिरता मात्र दुसऱ्या शस्त्रक्रियेने जात नाही.

दुसरी वेळ अवघड का, तर पहिल्या वेळी स्नायूंतून त्वचेकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या कापल्या गेलेल्या असतात आणि त्वचेचा पुरवठा मुख्यतः बाजूंच्या वाहिन्यांवर येऊन ठेपतो. आत व्रणऊती असतात, ताणायला त्वचाही मोजकीच उरते. त्यात तंबाखू असेल तर धोका वाढतो. सिगारेट ओढत नाही म्हणून अनेक जणी 'व्यसन नाही' असे सांगतात; पण मिश्रीतही तंबाखूच असते, आणि निकोटिन रक्तवाहिन्या आक्रसवते. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही ती बंद हवी. वजन काही महिने स्थिर असावे आणि आणखी मूल हवे असल्यास फेरशस्त्रक्रिया पुढे ढकलावी, हे ओघाने आलेच.

खर्चाचे बोलायचे, तर आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तरच अपवाद. काही सर्जन दुरुस्तीसाठी स्वतःचे शुल्क घेत नाहीत, पण रुग्णालय व भूलतज्ज्ञांचे बिल उरतेच. ही अट लेखी विचारून घ्यावी. त्याच डॉक्टरांकडे जावे की दुसऱ्या, यावर मतभेद आहेत. पहिल्या डॉक्टरांना आत काय केले ते ठाऊक असते, दुसऱ्यांची नजर ताजी असते. निर्णय काहीही असो, दुसरे मत घ्यायला हरकत नाही. ते देणारा प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा समकक्ष पदवीधारक आहे ना, हे पाहावे.

सल्ल्याला जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचा तपशील आणि आधीची-नंतरची छायाचित्रे सोबत न्यावीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यावर नोंदी ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र त्या जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची आहे. हलगर्जीपणाची शंका असल्यास ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. त्यामुळे शस्त्रक्रियेला वर्षभर थांबायचे असले, तरी कागदपत्रे आजच मागून ठेवावीत.