एक सूर, अनेक घरे : सहश्रवणाच्या इतिहासातील घड्याळाचे स्थान

प्रस्तावना :

अंबरनाथ पश्चिमेतील राहत्या घरी प्रस्तुत लेखकाने एक साधा प्रयोग करून पाहिला. दोन खोल्यांतील दोन संगणकांवर एकच ध्वनिमुद्रण ठेवले आणि घरातील दोघांनी 'एक, दोन, तीन' म्हणून एकाच क्षणी कळ दाबली. प्रारंभी सूर जुळल्यासारखे वाटले. परंतु काही वेळाने मधल्या दारात उभे राहिले असता प्रत्येक शब्दाला शेपूट फुटल्याचा भास होऊ लागला. गाणे एकच, यंत्रे सारखी, आरंभही एकत्र. तरीही एकत्र ऐकणे साधले नाही. वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न वस्तुतः ऐतिहासिक आहे. अनेक घरांनी एकच संगीत एकाच वेळी ऐकणे, म्हणजे सहश्रवण, कोणत्या परिस्थितीत शक्य झाले व त्यामागे कोणाचे घड्याळ होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घंटा, भोंगा आणि स्थानकाचे घड्याळ :

सहश्रवणाचे सर्वांत जुने साधन म्हणजे घंटा. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर इ. स. १०६० चे मानले जाते. अशा मंदिराच्या घंटेला श्रवणाची एक मर्यादा असते. शिवाय ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणजे गावाच्या दोन टोकांना एकच नाद वेगवेगळ्या क्षणी पोहोचत असे. मात्र त्या समाजाला या फरकाची गरज नव्हती आणि खंतही नव्हती.

ही स्थिती रेल्वेने बदलली. १८५६ मध्ये लोहमार्ग कल्याणच्या पुढे खोपोलीकडे सरकला. पुढे विसाव्या शतकात विम्कोचा काडेपेटी कारखाना आणि १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाईप फॅक्टरी यांमुळे अंबरनाथ हे पाळ्यांवर चालणारे गाव झाले. पाळीच्या गावात वेळ ही सूर्यावरून नव्हे, तर घड्याळावरून ठरते.

परंतु घड्याळ कोणाचे, हा वाद मुंबई इलाख्यात दीर्घकाळ चालला. मुंबईची स्थानिक वेळ रेल्वेच्या मद्रास वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली तेव्हा हे अंतर ३९ मिनिटांचे झाले. गिरणी कामगारांत असंतोष उमटला आणि महानगरपालिकेने मुंबई वेळ राखण्याचा निर्णय घेतला. अधिकृतरीत्या ही वेळ १९५५ पर्यंत टिकली. परकीय सत्तेने लादलेली वेळ नाकारणे हा त्या आग्रहातील एक पदर होता. तात्पर्य, 'एकच वेळ' ही निसर्गदत्त गोष्ट नसून ती संस्थांनी घडवलेली आणि लोकांनी कधी स्वीकारलेली, कधी नाकारलेली व्यवस्था आहे.

गीतरामायण : सहश्रवणाचा उत्कर्षबिंदू :

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. १९५३ मध्ये आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. याच केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायणाचे प्रसारण आरंभिले. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकर यांचे काव्य आणि सुधीर फडके यांचे संगीत, असा हा योग होता. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊ ते नऊ या वेळेत नवे गीत सादर होई व शनिवारी आणि रविवारी त्याचे पुनःप्रसारण होई. अधिक मासामुळे संख्या वाढून एकूण ५६ गीते झाली. १९ एप्रिल १९५६ रोजी मालिका संपली.

या मालिकेचे वाङ्मयीन व सांगीतिक मूल्यमापन विपुल झाले आहे. येथे तिच्या श्रवणपद्धतीचा विचार करावयाचा आहे. रस्त्याने चालताना एका घरातील गाणे मागे पडते तोच पुढच्या घरातून तेच गाणे, तुटक न होता, ऐकू येई, अशी आठवण त्या पिढीतील अनेकजण सांगतात. रेडिओची पूजा करून, हार घालून श्रवणास बसल्याचेही सांगितले जाते. या अनुभवामागील कारण भौतिक आहे. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जातात; पुण्यापासून शंभर किलोमीटरवरील घरीही गाणे सेकंदाच्या तीन हजारांश भागात पोहोचते. साध्या रेडिओसंचात आवाज साठवून ठेवण्याची सोयच नसल्याने प्रत्येक संच जे येईल ते तत्क्षणी वाजवीत असे. सर्व घरांचे घड्याळ एकच होते आणि ते पुण्याच्या प्रक्षेपण केंद्रात होते. मुंबई वेळेचा शेवट आणि गीतरामायणाचा आरंभ एकाच वर्षी व्हावा, हा योगायोग असला तरी तो सूचक आहे.

गृहसंगणक आणि विखुरलेली वेळ :

गृहसंगणकाने हे केंद्रस्थ घड्याळ घराघरांत वाटून टाकले. प्रत्येक संगणकात क्वार्ट्झ स्फटिकाचे स्वतंत्र घड्याळ असते व तेच ध्वनीचे नमुने किती वेगाने वाजवावयाचे हे ठरवते. दोन स्फटिकांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते. एक ध्वनिक्षेपक सुमारे २५ मीटर दूर नेल्यासारखाच हा परिणाम होय. हेल्मुट हास यांच्या १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार साधारण ३० ते ४० सहस्रांश सेकंदांपर्यंतचे अंतर कान एकच ध्वनी म्हणून स्वीकारतो. त्यापलीकडे प्रतिध्वनी जाणवू लागतो. प्रारंभी नमूद केलेल्या प्रयोगातील 'शेपटा'चे हे स्पष्टीकरण आहे. म्हणूनच एकत्र आरंभ करणे पुरेसे नसते, तर एकमेकांची वेळ सतत जुळवत राहावे लागते.

यासाठी आधार मिळाला तो डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉलचा. एका संगणकाने दुसऱ्यास वेळ विचारावी, निरोप जाऊन परत येण्यास लागलेल्या अवधीचा निम्मा भाग हिशेबात धरावा आणि आपले घड्याळ सुधारावे, हे त्याचे सूत्र. त्यानंतर ध्वनीचा एखादा नमुना गाळून वा वाढवून वादन जुळवता येते. २००१ मध्ये स्लिम डिव्हायसेस व २००५ मध्ये सोनोस या कंपन्यांची साधने बाजारात आली आणि घरातील अनेक खोल्यांत एकच संगीत वाजवणे सुलभ झाले.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. पावणेनऊला सहज साधणारे सहश्रवण आता महागड्या साधनांनी, तेही एका घराच्या चार भिंतींपुरतेच, साधले जाते. शेजारच्या दोन घरांत एकच कार्यक्रम इंटरनेटवरून सुरू असला, तरी साठवणुकीच्या अवधीमुळे तो मागेपुढे ऐकू येतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, सहश्रवण हे केवळ अभिरुचीचे फलित नसून सामाईक वेळेच्या व्यवस्थेचे फलित आहे. तथापि गतकाळाचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. १९५५ मध्ये सर्वांच्या घरी रेडिओ नव्हता. जो ऐके तो अनेकदा शेजारच्या दाराशी उभे राहून ऐके, आणि काय ऐकावयाचे याचा निर्णय केंद्राकडे होता. आज तो निर्णय श्रोत्याकडे आला आहे. परंतु शेजाऱ्याबरोबर ऐकण्याचा अनुभव मात्र निसटला आहे.

त्या अनुभवाचे साक्षीदारही आता थोडे उरले आहेत. गीतरामायण दहाव्या वर्षी ऐकलेली व्यक्ती आज ऐंशी पार करून गेली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या आठवणींचे ध्वनिमुद्रण हाती घ्यावे. रेडिओ कोणाच्या घरी होता, दारात कोण उभे राही आणि आत कोणाला बोलावले जाई, हे प्रश्न विचारले गेल्यास एका संगीतमालिकेच्या इतिहासाबरोबर एका वस्तीचा सामाजिक इतिहासही हाती लागेल. हे काम लांबणीवर टाकण्याइतका अवधी आता राहिलेला नाही.