जुळ्या डिस्कचं कूळ

डहाणूत लग्नाची शूटिंगं करणाऱ्या एखाद्या स्टुडिओत आज टेबलाखाली दोन डिस्कचा डबा सापडू शकतो. एकीवर जे लिहिलं जातं ते तेव्हाच दुसरीवरही उमटतं. फोटो जपायला म्हणून हा डबा विकत घेतला जातो. जन्म मात्र त्यासाठी झालेला नाही.

१९७४ साली कॅलिफोर्नियात जिमी ट्रेबिग यांनी टँडम कंपनी काढली. डोळ्यांपुढे होत्या बँका. पहिलं यंत्र १९७६ मध्ये सिटीबँकेकडे गेलं. त्यात प्रोसेसर जोडीने आणि डिस्कही जोडीने. एक निकामी झाली तरी दुसरीवर काम चालूच. व्यवहार थांबू नये, एवढंच मागणं. परवाची फाइल परत मिळवायला टेप होत्याच.

पुढे १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’च्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीच्या, पाच पातळ्या मांडल्या. जुळ्या डिस्कची ही पद्धत, मिररिंग, पहिली, आणि सगळ्यांत खर्चिक, कारण निम्मी जागा प्रतीतच जाते. त्याहून स्वस्त काय करता येईल, हाच त्यांच्या निबंधाचा रोख. गंमत अशी की पुढे डिस्कच स्वस्त झाल्या आणि ती खर्चिक पहिली पातळी घरोघरी आली.

बँकेसाठी घडलेला स्वभाव अजून तसाच आहे. फोल्डर चुकून उडवलं तर मिरर ते दोन्हीकडून इमानाने उडवतो. शिवाय दोन्ही डिस्क एकाच डब्यात, म्हणजे डबा पडला तर दोन्ही जातील. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सोसलेल्या डहाणू-तलासरीला हे वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा जुनी दस्तनोंदणी शहाणी: मूळ खरेदीखत घरी, नक्कल दुय्यम निबंधकाच्या वहीत.

टँडममध्येच काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये यंत्रं बंद का पडतात ते तपासलं. हार्डवेअरचा वाटा १८ टक्के, यंत्र सांभाळणाऱ्या माणसांचा ४२. मिररमधली एक डिस्क गेल्यावरही खरी नासाडी बहुधा माणसाच्या घाईनेच होते.

म्हणून क्रम पाळायचा. लिनक्सवर चालणाऱ्या डब्याची स्थिती दाखवणाऱ्या ओळीत दोन ‘यू’ऐवजी एक ‘यू’ आणि एक आडवी रेघ दिसली, की लिहिणं थांबवायचं. कोणती डिस्क कोणत्या खाचेत होती ते मार्करने लिहून ठेवायचं. मग ‘एमडीएडीएम’ या लिनक्सच्या प्रोग्रामला दोन्ही डिस्कचे इव्हेंट-आकडे विचारायचे, मोठा आकडा ताज्या डिस्कचा. हे पाहावं लागतं, कारण एक डिस्क कधीकधी तीन महिन्यांपूर्वीच गळालेली असते आणि डब्याची पीप कुणी ऐकलेली नसते. तिलाच खरी धरून जुळणी केली, तर मधली सगळी लग्नं गेली. डिस्क विंडोजला जोडली तर तो ‘इनिशियलाइझ करू का?’ असं विचारतो. तिथे नकार.

ताजी डिस्क आधी ‘डीडीरेस्क्यू’ने वेगळ्या डिस्कवर उतरवायची. हा प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी घेतो, हट्टी सेक्टरांकडे नंतर वळतो. नवी डिस्क घालायची ती यानंतरच, कारण जुळणीत उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, आणि तीही बहुधा गेलेल्या डिस्कच्याच वयाची असते. चार टीबी, सेकंदाला १२० एमबी वेगाने, म्हणजे नऊ तासांहून जास्त. तेवढा वेळ डबा यूपीएसवर हवा.