तळटीप : अर्धवट लिहिलेल्या फाइलीविषयी

* ‘राइट’ एकतर पूर्ण होते किंवा फसते, असे लेखकाने इथे गृहीत धरले आहे. युनिक्स घराण्यात तिसरी शक्यताही असते. १०,००० बाइट लिहायला दिले आणि ४,०९६ नंतर डिस्क भरली, तर कर्नल सहसा चूक कळवत नाही. ४,०९६ हा आकडा परत देतो. ‘जागा नाही’ हे उत्तर उरलेले बाइट पुन्हा द्यायला गेल्यावर मिळते. आकडा न तपासणारा प्रोग्राम अर्धी फाइल पूर्ण समजून पुढे जातो, आणि असे प्रोग्राम पुष्कळ आहेत. (लिनक्समध्ये तर डिस्क रिकामी असली तरी एका वेळी २,१४,७४,७९,५५२ बाइटांहून जास्त लिहिले जात नाहीत.)

पूर्ण आकडा आला तरी मजकूर बहुधा मेमरीतच असतो. तो डिस्कवर उतरताना झालेली चूक ‘एफसिंक’ सांगते, तीही साधारणपणे एकदाच. पुन्हा विचारले तर खोटे यश मिळू शकते. २०१८ मध्ये हे ध्यानात आल्यावर पोस्टग्रेस-एसक्यूएलने पुन्हा प्रयत्न करणे सोडले. २०१९ च्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसले की हा डेटाबेस मुद्दाम कोसळतो आणि आधी लिहून ठेवलेल्या लॉगमधून स्वतःला सावरतो. – संपा.